काँग्रेशनल अवॉर्ड : मुदतीच्या कायद्याची गोष्ट

अमेरिकेतल्या काँग्रेशनल अवॉर्डची आणि काँग्रेशनल गोल्ड मेडलची लोक हमखास गल्लत करतात. गोल्ड मेडलसाठी संसद दर वेळी वेगळा कायदा करते, आणि ते एखाद्या नामवंताला किंवा गटाला मिळते. काँग्रेशनल अवॉर्ड तरुणांसाठी आहे. साडेतेराव्या वर्षी नाव नोंदवता येते आणि चोविसावा वाढदिवस येईपर्यंत काम पुरे करावे लागते. इथे कुणाशी स्पर्धा नसते. या अवॉर्डमधल्या सुवर्णपदकासाठी ४०० तास विनामोबदला समाजसेवा, व्यक्तिमत्त्व विकास आणि शारीरिक तंदुरुस्तीचे प्रत्येकी २०० तास आणि चार रात्रींची मोहीम एवढे भरले की पदक मिळते. घोटाळा होतो तो नोंदवहीत. एकच तास दोन रकान्यांत दाखवलेला चालत नाही आणि तासांवर आई-वडिलांची सही चालत नाही.

या सगळ्यामागचा कायदा १६ नोव्हेंबर १९७९ चा, सार्वजनिक कायदा क्रमांक ९६-११४. वायोमिंगचे सिनेटर माल्कम वॉलप आणि न्यू जर्सीचे प्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी तो पुढे रेटला आणि राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली. ब्रिटनमध्ये १९५६ पासून तरुणांसाठीचा ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार चालू होताच. तास, टप्पे आणि मोहीम हा साचा बराचसा तसाच आहे.

कायद्याने कारभार एका मंडळाकडे दिला. आजच्या रचनेत सिनेटमधले बहुमताचे आणि अल्पमताचे नेते, प्रतिनिधीगृहाचे सभापती आणि तिथले अल्पमताचे नेते असे चौघे प्रत्येकी सहा सदस्य नेमतात. पंचविसावा संचालक, त्याला मत नाही. दोन्ही पक्षांना सारखा वाटा मिळाल्यामुळे सत्ता पालटली तरी मंडळ एका बाजूला झुकत नाही. पैशाचे कलम मात्र कडक आहे: मंडळाने आपला खर्च सरकारबाहेरच्या स्रोतांतून भागवायचा. त्यासाठी ना-नफा संस्था काढायची मुभा कायद्यातच दिली होती, आणि काँग्रेशनल अवॉर्ड फाउंडेशन उभे राहिले ते त्यातूनच. थोडक्यात, नाव संसदेचे, पैसा देणगीदारांचा. देखरेखीच्या सगळ्या कटकटी या जोडणीतून आल्या आहेत, असे आमचे मत.

पहिली कटकट मुदतीची. मंडळ कायमचे नाही. ठरलेल्या तारखेला ते आपोआप बरखास्त होते. पहिली मुदत सहा वर्षांची होती. मग १९८५, १९८८, १९९०, १९९२ अशा दुरुस्त्या होत गेल्या. पुढे संसदेला तारीख गाठणेही जमेना. २००४ च्या सप्टेंबरअखेर संपलेली मुदत डिसेंबर २००५ मध्ये वाढवली गेली. २००९ मध्ये संपलेली जुलै २०१० मध्ये. मधल्या काळात मंडळाला कायदेशीर अस्तित्व होते की नाही, हा प्रश्न दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू करून मिटवायचा, अशी रीत पडली. २०१३ ची दुरुस्ती तर ४ ऑक्टोबरला, सरकारी कामकाज ठप्प असताना मंजूर झाली.

दुसरी बाजू हिशेबाची. वित्तीय नियंत्रण आणि निधीचा हिशेब नीट ठेवणे ही संचालकाची जबाबदारी आहे. ती त्याने पुरेशी पाळली नाही असे महालेखापालांनी ठरवले, तर संचालकाने मंडळाचे काम शिस्तीत आवरते घेण्याची तयारी करायची. नुसता ठपका ठेवून सोडण्याची पायरी त्यात नाही. एका युवा पुरस्काराच्या मानाने हे फारच जालीम, पण परक्या पैशावर संसदेचे नाव वापरायचे तर आत कुठेतरी बंद करण्याची कळ हवीच. लेखापरीक्षण करत होते जीएओ, म्हणजे याच महालेखापालांचे, आपल्या कॅगच्या जवळपास जाणारे कार्यालय. २००० नंतरच्या काही वर्षांत त्यांच्या अहवालांत गंभीर शेरा आला: निव्वळ मालमत्ता सतत घटते आहे, त्यामुळे संस्था पुढे तग धरेल का, याचीच शंका आहे. देणग्यांचा ओघ आटला तर सरकारी तिजोरीचा आधार नाही, हा त्या कडक कलमाचाच परिणाम.

२०१३ च्या दुरुस्तीत हे काम बदलले. आता लेखापरीक्षण मंडळाने नेमलेला स्वतंत्र लेखापाल दरवर्षी करतो, आणि जीएओ त्या लेखापरीक्षणाचा आढावा घेऊन संसदेला कळवते. म्हणून जुने अहवाल चाळताना आधी वर्ष पाहावे: २०१३ पूर्वीचे निष्कर्ष थेट जीएओचे, नंतरचे लेखापालाच्या कामावर जीएओने केलेली तपासणी.