हातवाऱ्यांवर चालणारा दृक्‌श्राव्य इंटरफेस

कळफलक, माउस किंवा पडदा यांना स्पर्श न करता, हवेतल्या हालचालींनी आवाज आणि चित्र एकाच वेळी चालवण्याची संगणकीय व्यवस्था. डिझाइनच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हा विषय कस लावणारा आहे, कारण इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रामिंग, संगीत आणि शरीर या सगळ्यांचा विचार एकदमच करावा लागतो.

कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह तेर्मेन यांनी १९२० च्या सुमारास थेरेमिन हे वाद्य बनवले. उभ्या अँटेनाजवळ हात नेला की स्वर चढतो, दुसरा हात आडव्या वेटोळ्याजवळ नेला की आवाज कमी होतो. बोटाला टेकायला ना तार, ना सतारीसारखा पडदा. मूठ जराशी उघडली तरी स्वर सरकतो, म्हणून वादक अंग अगदी स्थिर ठेवून उभा राहतो आणि स्वर केवळ कानाने शोधतो. या विषयावर काम करणाऱ्याने आधी थेरेमिन वाजताना जरूर पाहावे. हवेत वाजवण्याच्या बहुतेक अडचणी तिथेच दिसतात.

पुढे कॅमेरा आला. अमेरिकेत मायरन क्रूगर यांनी १९७० च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’मध्ये माणसाची छायाकृती पडद्यावरच्या चित्रांशी खेळवली. कॅनडाचे डेव्हिड रोकबी यांनी १९८० च्या दशकात ‘व्हेरी नर्व्हस सिस्टीम’मध्ये शरीराच्या हालचालीतून ध्वनी काढला. २०१० मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टमुळे वस्तूचे अंतर मोजणारा कॅमेरा विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला. आता साध्या वेबकॅमवरही मीडियापाइपसारखी प्रणाली एका हातावरचे २१ बिंदू ओळखते. पवईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागात शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी एमआयटीत केलेला ‘सिक्स्थ सेन्स’ही याच वाटेवरचा, त्यात बोटांना रंगीत टोप्या लावून कॅमेऱ्याला हात ओळखू दिला होता.

हात ओळखणे आता सोपे झाले आहे. खरी कसोटी लागते ती जोडणीत, म्हणजे कोणती हालचाल कशाशी बांधायची हे ठरवताना. हात वर नेला की स्वर वर, ही जोडणी लगेच कळते आणि तितक्याच लवकर कंटाळवाणी होते. हाताचा वेग, तळव्याची दिशा आणि दोन हातांतले अंतर मिळून ध्वनीचा पोत घडवत असतील, तर वापरणाऱ्याला सराव करावासा वाटतो. चित्रही हालचालीच्या त्याच आकड्यांवर चालले पाहिजे. ते आवाजामागून रेंगाळले की डोळा आणि कान यांची फारकत होते.

आपल्याकडे हातांची एक तयार भाषा आहे. तीनतालाच्या १६ मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात बाजूला झुलवणे. बैठकीतला श्रोता हे सहज करतो. कॅमेऱ्याला मात्र टाळी अवघड जाते: तळवे एकमेकांना भिडताच एक हात दुसऱ्यामागे लपतो आणि बिंदू भरकटतात. अशा वेळी तळवे जवळ येण्याचा वेग मोजून टाळीचा अंदाज आधीच बांधता येतो, किंवा मायक्रोफोनची जोड देता येते. खालीचा बाजूला झुलणारा हात कॅमेऱ्याला स्वच्छ दिसतो.

विलंब हा दुसरा शत्रू. सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चौकटींमध्येच सुमारे ३३ मिलिसेकंद जातात, आणि तालवाद्याला ते जाणवतात. बिंदूंची थरथर घालवण्यासाठी आकडे गुळगुळीत करावेत तर विलंब आणखी वाढतो, त्यामुळे संथ आलापीची आणि द्रुत तालाची गाळणी (फिल्टर) वेगळी ठेवावी लागते. शिवाय हात अधांतरी धरून काही मिनिटांतच खांदे भरून येतात. म्हणून चाचणी उभ्याने, सलग आणि अनोळखी माणसांकडून करून घ्यावी, आणि हात कमरेशी विसावला की ध्वनी थांबेल अशी जागा आराखड्यात पहिल्यापासून ठेवावी.