रिलेशनल डेटाबेसमधून रँडम रेकॉर्ड निवडणं

रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत ठेवलेली असते. त्या टेबलमधून एक किंवा ठराविक रो (ओळी, म्हणजेच रेकॉर्ड) अशा उचलायच्या की प्रत्येक रोला निवडून यायची सारखीच संधी मिळेल, याला रँडम रेकॉर्ड निवडणं म्हणतात. ऑनलाइन परीक्षेसाठी प्रश्नपेढीतून प्रश्न काढायचे असोत किंवा लाखो व्यवहारांतून ऑडिटला थोडेसे निवडायचे असोत, हे सगळीकडं लागतं.

पहिला घोळ इथंच होतो. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये टेबल म्हणजे एक संच, आणि संचाला क्रम नसतो, त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं की ऑर्डर बाय (क्रम लावायचा आदेश) न लावता नुसतं लिमिट १० (दहाच रो द्या) टाकलं की रँडम १० मिळाल्या. तसं होत नाही. डेटाबेस ज्या रो कमी कष्टात हाताला लागतात त्या देतो, आणि क्वेरी (डेटाबेसला केलेली मागणी) परत चालवली तर बऱ्याचदा त्याच येतात. क्रमाची हमी नाही म्हणजे संधी समान आहे असं नाही, आणि हा फरक सुटला की पुढची सगळी आकडेमोड चुकते.

सगळ्यांना माहीत असलेली पद्धत म्हणजे रँडम आकड्यावर सॉर्ट करून वरच्या हव्या तेवढ्या रो घेणं. वेगवेगळ्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ती अशी: मायएसक्यूएलमध्ये ऑर्डर बाय रँड, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये ऑर्डर बाय रँडम, ओरॅकलमध्ये डीबीएमएस रँडम पॅकेज, एसक्यूएल सर्व्हरमध्ये न्यूआयडी (तिथं रँड वापरून चालत नाही, कारण ते अख्ख्या क्वेरीसाठी एकदाच काढलं जातं, सगळ्या रोंना तोच आकडा). निवड चोख होते पण खर्च मोठा. प्रत्येक रोला नवा आकडा द्यायचा म्हणजे प्रत्येक रो वाचायची, आणि आकडा दर वेळी नवा असल्यामुळं इंडेक्सचा (पटकन शोधायला आधीच क्रमानं लावून ठेवलेल्या यादीचा) काही उपयोग नाही, मग टेबल कोटीभर रोंचं असेल तर एक रो दाखवायला कोटी रो चाळल्या जातात. हजार-दोन हजार रोंच्या टेबलला मात्र हीच पद्धत वापरावी, उगाच डोकं लावू नये.

वेग हवा म्हणून लोक आयडीकडं (प्रत्येक रोच्या क्रमांकाकडं) वळतात. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आयडीच्या मधला एक आकडा काढायचा आणि तो किंवा त्याच्या पुढचा पहिला आयडी घ्यायचा, इंडेक्समुळं काम क्षणात होतं. पण डिलीट झालेल्या रोंची भोकं राहतात ना! समजा आयडी उरलेत १, २, ३ आणि १००, तर ४ ते १०० यातला कुठलाही आकडा आला तरी १०० वालीच रो निघणार, म्हणजे १०० पैकी ९७ वेळा तीच. यावर उपाय असा की तो आयडी टेबलमध्ये नसेल तर पुढचा न घेता नवा आकडाच काढायचा. मग संधी समान राहते, फक्त भोकं फार असली तर फेऱ्या वाढतात.

विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो (मराठी विकिपीडियाही त्याच्यावरच) तिथं याच जातीची युक्ती आहे. पान तयार होतानाच त्याला ० ते १ मधला एक रँडम आकडा देऊन पेज रँडम नावाच्या कॉलममध्ये ठेवतात, कॉलमवर इंडेक्स असतो, आणि कुणी रँडम लेख मागितला की नवा आकडा काढून त्याच्या लगेच पुढचं पान दाखवतात. झटपट होतं. पण पानांच्या आकड्यांमधली अंतरं सारखी नसतात, म्हणून ज्याच्या मागं मोठी मोकळी जागा पडली ते पान कायम जास्त वेळा दिसतं. वाचायला लेख सुचवताना हे चालून जातं. म्हाडाच्या घरांच्या सोडतीसारख्या कामात अजिबात चालणार नाही, आणि तिथं तर आकडे काढणारा जनरेटरही अंदाज बांधता न येणारा, सुरक्षित प्रकारचा लागतो.

एसक्यूएल ही क्वेरी लिहायची भाषा, तिच्या २००३ च्या स्टँडर्डमध्ये टेबलसॅम्पल, म्हणजे टेबलमधून थेट सॅम्पल (नमुना) काढायची सोय आली. पोस्टग्रेसमध्ये ते ९.५ आवृत्तीपासून आहे. त्याचे दोन प्रकार. बर्नूली प्रत्येक रोसाठी वेगळा कौल लावतो, म्हणून टेबल पूर्ण वाचावं लागतं आणि लाखाचे १% मागितले तर बरोब्बर हजारच येतील असं नाही, आसपास येतात. सिस्टिम मात्र डिस्कवरची पानंच्या पानं (शेजारच्या रोंचे साठवलेले गठ्ठे) उचलतो, पोस्टग्रेसमध्ये एक पान ८ केबीचं, त्यामुळं वेगवान, पण शेजारशेजारच्या रो एकत्रच येतात आणि त्या बहुतेक एकाच दिवसाच्या किंवा एकाच ग्राहकाच्या असू शकतात. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण सगळी शितं पातेल्याच्या एकाच कोपऱ्यातली घेतली तर काय कळणार? शिवाय पोस्टग्रेस सॅम्पल आधी काढतो आणि व्हेअरची (कुठल्या रो हव्यात ती) अट नंतर लावतो, म्हणून दुर्मिळ प्रकारच्या रो शोधताना हाती काहीच लागत नाही असंही होतं.

अभ्यासकांनी यात बरंच काम केलंय. फ्रँक ओल्कन आणि डोरॉन रोटेम यांचा रिलेशनल डेटाबेसमधल्या रँडम सॅम्पलिंगवरचा पेपर १९८६ चा. जेफ्री व्हिटर यांच्या १९८५ च्या पेपरमुळं रिझर्वॉयर पद्धत सगळीकडं पोचली, तिच्यात एकूण रो किती हे माहीत नसतानाही एकाच फेरीत हव्या तेवढ्या निवडता येतात. खुद्द डेटाबेसलाही सॅम्पल लागतं, पोस्टग्रेसचं ॲनालाइझ डीफॉल्ट सेटिंगला मोठ्या टेबलमधून ३०,००० रो घेऊन त्यावरून क्वेरीचा प्लॅन ठरवायची आकडेवारी बनवतं.

जॉइन (दोन टेबलांतल्या रो एकमेकींना जोडणं) आला की गोष्ट खरी अवघड. ग्राहकांचे १% आणि ऑर्डरींचे १% वेगवेगळे काढून जोडले तर जोडीतली दोन्ही टोकं टिकायची शक्यता दहा हजारात एक, म्हणजे हातात येतं ते जॉइनचं १% नसतंच. सुरजित चौधरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या यांनी १९९९ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता. फॉरेन की (प्रत्येक ऑर्डरीत तिच्या ग्राहकाचा आयडी) असेल तर मात्र वाट सोपी आहे, सॅम्पल फक्त ऑर्डरींचं काढायचं आणि प्रत्येकीला तिचा ग्राहक पूर्ण टेबलमधून जोडायचा.