किडनीला सूज म्हणजे किडनीत जंतू?

‘किडनीला सूज, म्हणजे तिथे जंतू शिरले’ हा समज जुनाच. ग्लोमेरुलोनेफ्रायटिसला, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांच्या सुजेला, मात्र तो सहसा लागू पडत नाही. उदाहरणार्थ, स्ट्रेप्टोकोकस या जंतूने दुखणारा घसा बरा होतो आणि १ ते ३ आठवड्यांनी लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी होते. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) बहुधा काहीच उगवत नाही! जंतूचे अंश (अँटिजेन) आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी यांच्या जोड्या गाळणीच्या केशवाहिन्यांत अडकतात. कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांचा सी५ए हा तुकडा पांढऱ्या पेशींना तिकडे ओढतो. त्यांच्या एन्झाइम्समुळे भिंतीला भगदाडं पडतात, तांबड्या पेशी आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन निसटतात. गंमत म्हणजे गळती असूनही गाळणं मंदावतं: सुजलेल्या पेशी केशवाहिन्या बुजवतात, ल्युकोट्राइन आणि थ्रॉम्बॉक्सेन ही सुजेत तयार होणारी रसायनं त्या आवळतात. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) चढतं ते यामुळे. अँटिबायोटिक उरलेले जंतू मारेल, ही सूज उतरवणार नाही.