क्रूझआधी तीन दिवस व्हेनिस: व्हिसा, प्रवेशशुल्क आणि बंदराचा घोळ

क्रूझच्या तिकिटावर ‘व्हेनिस’ छापलेलं असलं तरी जहाज व्हेनिसला लागेलच असं नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरच्या पाण्यात आणि जुदेक्का कालव्यात यायला बंदी केली आहे. १८० मीटरपेक्षा लांब किंवा २५ हजार टनांपेक्षा मोठं जहाज तिथे येत नाही. अशी जहाजं आता मार्गेराच्या औद्योगिक बंदरातून, नाहीतर थेट रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. ही दोन्ही शहरं व्हेनिसपासून गाडीने किंवा ट्रेनने दोनेक तासांवर आहेत. त्यामुळे व्हिसाचा फॉर्म उघडण्याआधी क्रूझ कंपनीकडून बंदराचं नेमकं नाव लेखी मागून घ्या. अर्जासोबतचा दिवसवार कार्यक्रम, हॉटेलचा पत्ता, चढायच्या दिवसाची ट्रेन, सगळं त्या एका नावावर अवलंबून आहे.

अर्ज कोणत्या देशाकडे?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. विमान इटलीत उतरतंय म्हणून इटलीचा व्हिसा, असा नियम नाही. शेंगेन क्षेत्र म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश. त्यातल्या ज्या देशात तुमचे सर्वाधिक दिवस जाणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांचे दिवस सारखे भरले, तरच पहिला प्रवेश कुठे हे बघतात.

एक नमुना मांडून पाहू. पहिले तीन दिवस व्हेनिस, चौथ्या दिवशी रावेन्नाहून जहाजावर. मग रोज एक बंदर: क्रोएशियातलं स्प्लिट, माँटेनेग्रोतलं कोटोर, ग्रीसमधली कॉर्फू, काताकोलो, सांतोरिनी, मिकोनोस आणि अकराव्या दिवशी अथेन्सजवळच्या पिरेउस बंदरात उतरायचं. पुढे अथेन्समध्ये दोन रात्री आणि तेराव्या दिवशी परत. आता मोजा. इटलीचे चार दिवस, क्रोएशियाचा एक, माँटेनेग्रोचा एक आणि ग्रीसचे सात. म्हणजे अर्ज ग्रीसकडे, इटलीकडे नाही. तेच जहाज फिरून रावेन्नालाच परत येणार असेल, तर ग्रीसचे दिवस दोन-तीनवर येतात आणि इटलीचं पारडं जड होतं. ही मोजणी कागदावर करा आणि तोच कागद अर्जाला जोडा, तपासणाऱ्यालाही बरं पडतं.

एक प्रवेश की अनेक?

वरच्या यादीतलं कोटोर हे माँटेनेग्रोचं बंदर शेंगेनच्या बाहेर आहे. जहाज तिथे लागलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि कॉर्फूला पुन्हा आत येता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो व्हेनिसला उतरतानाच वापरून झालेला असतो. म्हणून फॉर्ममध्ये किमान दोन प्रवेश मागा, शक्यतो अनेक मागा, आणि कारण कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत लिहा: ‘अमुक तारखेला जहाज कोटोर येथे थांबते.’ जुनी माहिती वाचून क्रोएशियालाही बाहेरचा देश धरू नका, १ जानेवारी २०२३ पासून तो शेंगेनमध्ये आहे. तुर्कीचं बंदर असेल तर तोही शेंगेनबाहेरचा मुक्काम, आणि त्यासाठी तुर्कीचा वेगळा व्हिसा पाहावा लागतो.

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नियम थोडे सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी एवढी आशा धरू नये, त्यांना बहुधा सहलीच्या तारखांपुरताच मिळतो.

कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, अलीकडचा. प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३० हजार युरोंचं, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू असलेलं. जहाज शेंगेनबाहेर थांबणार असेल तर विम्यात तोही देश घालून घ्या. हे व्हिसासाठी नाही, स्वतःसाठी.

बाकीची फाइल ओळखीची आहे: विमानाचं जाण्यायेण्याचं आरक्षण, हॉटेलचं आरक्षण, बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरदारांना पगारपत्रकं आणि रजेचं पत्र, व्यावसायिकांना नोंदणीचे कागद, निवृत्तांना पेन्शनचा पुरावा. मुलं परदेशातून खर्च करत असतील तर त्यांचं पत्र आणि नात्याचा पुरावा. क्रूझवाल्यांनी यात आरक्षणाची अशी प्रत जोडायची जिच्यावर सगळ्या प्रवाशांची नावं, केबिन आणि बंदरनिहाय तारखा आहेत. नुसती पैसे भरल्याची पावती पुरत नाही, कारण जहाजावरच्या रात्रींसाठी तेच तुमचं ‘हॉटेल’.

नावांकडे जरा जास्त लक्ष द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं आणि पासपोर्टवर माहेरचंच, अशा कितीतरी ताया-मावश्या आहेत. विमान, क्रूझ, विमा आणि हॉटेल या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव जसंच्या तसं हवं. बाकी कागदांवर वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा.

अर्ज, फी, ठसे

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाची मुदत साधारण १५ दिवसांची, पण ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम होऊन बसतं, तेव्हा मे महिन्याची क्रूझ असेल तर नाताळ आटोपल्यावर लगेच तयारीला लागा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे इटलीचे अर्ज मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. अर्ज मात्र दूतावासाच्या दारात न देता व्हिसा केंद्रावर द्यायचे.

फी ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहाच्या आतल्यांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे प्रत्यक्ष जाऊन द्यावे लागतात, पण ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर तेच चालू शकतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट आहे. ‘एटियास’ नावाची ऑनलाइन परवानगी व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर ती काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

व्हेनिसचं प्रवेशशुल्क

व्हिसा हाती आला तरी एक नोंदणी उरतेच. एका दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी व्हेनिस नगरपालिकेने २०२४ पासून प्रवेशशुल्क सुरू केलं. पहिल्या वर्षी २९ दिवस, २०२५ मध्ये ५४ दिवस, तेही एप्रिल ते जुलैमधले गर्दीचे. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार. २०२५ चा दर होता चार दिवस आधीपर्यंत भरल्यास ५ युरो, उशीर केल्यास १०. न भरता सापडलात तर दंड ५० ते ३०० युरो. दरवर्षीचे दिवस नगरपालिका आधी जाहीर करते, आपली तारीख त्यात आहे का ते तिच्याच संकेतस्थळावर बघा.

खरी मेख मुक्कामात आहे. व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत रात्र काढणाऱ्याला शुल्क माफ आहे, आणि या हद्दीत रेल्वेपुलापलीकडचं मेस्त्रेसुद्धा येतं. हॉटेलच्या बिलात मुक्कामकर येतो तो वेगळा. पण माफी आपोआप लागू होत नाही. त्याच संकेतस्थळावर हॉटेलचं नाव आणि तारखा भरून सूट नोंदवायची आणि क्यूआर कोड मोबाइलवर ठेवायचा. स्वस्त पडतं म्हणून सहलवाल्यांनी हद्दीबाहेरच्या पादुआ शहरात ठेवलं असेल, तर तुम्ही दिवसाचे पाहुणे, म्हणजे शुल्क भरा. चौदा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. मुरानो, बुरानो, लिदो ही बेटं शुल्काच्या कक्षेबाहेर आहेत. पियात्साले रोमा आणि त्रोंकेत्तो हे गाड्यांचे शेवटचे थांबे किंवा जुनं क्रूझ स्थानक यांच्यापुरतंच थांबून, जुन्या शहरात पाऊल न टाकता पुढे जाणाऱ्यांनाही ते लागू नाही.

त्या तीन दिवसांत

निदान दोन रात्री तरी आधी पोहोचा. मुंबईहून सरळ विमान नाही, मधलं विमान चुकलं तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. रिआल्तो पूल १५९१ मध्ये पूर्ण झाला आणि आजही त्यावर दुकानं आहेत. तो पहाटे सातला पाहा, दहाला तिथे पाय ठेवायला जागा नसते. दोजेंच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या शासकांच्या, राजवाड्याचं आणि सान मार्को बॅसिलिका या चर्चचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा. बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी बॅग आत नेता येत नाही. मुरानोला काचेच्या भट्ट्या आहेत. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचकारांना शहराबाहेर तिकडे पाठवलं होतं.

फिरायला व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची एसटी. ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरोंचं आहे, त्यामुळे तीन दिवस राहणाऱ्याला पासच परवडतो. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलभर हळूहळू थांबत जाते, संध्याकाळी त्यातच बसा. गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे. तो पूर्ण बोटीचा असतो, माणशी नाही, हे बसण्याआधीच बोलून घ्या.

आणि बॅगा. पुलांना पायऱ्या आहेत, आणि चाकांची बॅग पायरीला काही कामाची नाही. क्रूझसाठीचे दोन मोठे डाग मेस्त्रे किंवा पियात्साले रोमाजवळच्या हॉटेलात ठेवून हलक्या पाठपिशवीने शहर फिरा. नाहीतर प्रत्येक पुलाखाली थांबून बॅग कोणी उचलायची यावर नवरा-बायकोचं बोलणं सुरू होतं, आणि व्हेनिसमध्ये पूल चारशेच्या वर आहेत.