पथ्याचा कागद पुरत नाही

मधुमेहाचं निदान झालं की गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक छापील कागदही हातात पडतो: काय खायचं, काय टाळायचं, किती चालायचं. घरी आल्यावर तो फाइलमध्ये जातो आणि बहुधा तिथेच राहतो. याला पेशंटचा हलगर्जीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतात आणि लक्षात राहिलेल्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं असतं. एका बैठकीत जितकं जास्त सांगावं, तितकं जास्त निसटतं. शिवाय धास्तावलेलं मन आजाराच्या नावापाशीच अडकतं; पुढचं कानावर पडतं, आत शिरत नाही.

मग माहिती कशी हवी? दीर्घ आजार असलेल्यांना हे विचारलं की बहुतेकांना आधी समोर माणूस हवा असतो. डॉक्टर किंवा सिस्टर, जे आपल्या भाषेत बोलतील आणि मध्येच प्रश्न विचारू देतील. कागद, व्हिडिओ हवेतच, पण नंतर उजळणीला. प्रश्नही बदलत जातात. पहिल्या दिवशी 'हे कायमचं आहे का?' एवढंच विचारायचं असतं. एकादशीला इन्सुलिन किती घ्यायचं हा प्रश्न काही महिन्यांनी पडतो. आपल्याकडे तर घरात स्वयंपाक जी करते, ती अनेकदा खोलीबाहेर बाकावर बसलेली असते. तिला आत बोलवायला खर्च येत नाही.

समजलं की नाही, हे ताडून पाहण्याची एक साधी रीत आहे. समजा, इन्सुलिन सुरू झालेल्या आजींना सिस्टर म्हणतात, "आजी, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. संध्याकाळी हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर काय कराल?" आजी म्हणतात, "पाणी पिईन आणि पडून राहीन गं." दहा मिनिटं मान डोलावून ऐकलेल्या आजींचं हे उत्तर धोक्याचं आहे. रक्तातली साखर उतरली की मेंदूचं इंधनच तुटतं. तेव्हा लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. "समजलं ना?" असं विचारलं असतं तर आजी "हो" म्हणाल्या असत्या.

सॅन फ्रान्सिस्कोत डीन शिलिंजर आणि सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या भेटी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या. नवी गोष्ट सांगितल्यावर डॉक्टरांनी ती अशी वदवून घेतली, अशा भेटी पाचात एक. ज्यांचे डॉक्टर हे करत, त्यांची साखर आटोक्यात असण्याची शक्यता जास्त होती. अभ्यास लहान होता, तरी २००३ पासून आजवर त्याचा दाखला दिला जातो.

मोबाइललाही कमी लेखू नये. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना दोन वर्षं छोटे संदेश पाठवले. त्यांच्यात १८ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश न मिळालेल्यांत २७ टक्क्यांना. समोरासमोरचा सल्ला मात्र आधी दोन्ही गटांना मिळाला होता.

आणखी एक आवाज पेशंटला जवळचा वाटतो, तोच आजार घेऊन जगणाऱ्याचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी उभारलेल्या वर्गात शिकवणारे बरेचदा स्वतःच दीर्घ आजाराचे पेशंट असतात. सहा आठवडे, आठवड्याला अडीच तास. प्रत्येकानं स्वतःला झेपेल असा आठवड्याचा बेत सांगायचा आणि तो पार पडेल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती, तेही सांगायचं. सातच्या खाली आकडा आला की बेत बदलायचा. 'रोज पाच किलोमीटर चालेन' म्हणणाऱ्याचा आकडा चार आला, तर सोमवार, बुधवार, शुक्रवार जेवणानंतर पंधरा मिनिटं असं ठरतं आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर त्याचं काय झालं ते सांगायचं असतं.