एएफकॅटमधून फ्लाइंग ब्रँच: विदर्भातल्या मुलामुलींचे अर्ज नेमके कुठे अडतात

एएफकॅट ही हवाई दलाच्या अधिकारी भरतीची सामाईक लेखी परीक्षा, आणि फ्लाइंग ब्रँच म्हणजे वैमानिकांची शाखा. त्यातून वैमानिक होण्याचा अर्ज भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. तो बाद व्हायला एक चुकीची मोजलेली तारीख, आधारवरचं उलटसुलट नाव किंवा चष्म्याचा नंबर पुरतो. वाईट हे की बाद झाल्याचं कळेपर्यंत बहुतेकांचं वय निघून गेलेलं असतं. म्हणून इथे सरळ पायऱ्या थोडक्यात आणि अडणाऱ्या जागा सविस्तर दिल्या आहेत.

अर्ज फक्त ऑनलाइन, एएफकॅटच्या पोर्टलवर, वर्षातून दोनदा. नागपुरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय असल्यामुळे फाइल घेऊन वायुसेना नगरच्या गेटपर्यंत जाणारे पालक असतात. तिथे अर्ज घेतला जात नाही. "आतून करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. निवड लेखी परीक्षेत, मुलाखतीत, यंत्रावरच्या वैमानिक चाचणीत आणि वैद्यकीय तपासणीत होते, तिथे कुणाचं काही चालत नाही.

दुसरी वाया जाणारी धावपळ सेतू केंद्राची. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल यांसाठी लोक आठवडे घालवतात. अधिकारी भरतीत जातनिहाय आरक्षण नाही आणि महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा फायदाही नाही. तो वेळ आधार आणि मार्कशीटची नावं जुळवण्यात घाला.

वय: आजचं नाही, कोर्सच्या दिवशीचं

फ्लाइंग ब्रँचसाठी वय २० ते २४. हे वय अर्जाच्या दिवशी मोजत नाहीत, कोर्स सुरू होण्याच्या तारखेला मोजतात, आणि जाहिरात व कोर्स यांत साधारण वर्षभराचं अंतर असतं. जानेवारी २०२७ चा कोर्स घ्या. त्यासाठी जन्म २ जानेवारी २००३ ते १ जानेवारी २००७ या काळातला हवा, दोन्ही तारखा धरून. नोव्हेंबर २००२ मध्ये जन्मलेला मुलगा २०२५ च्या शेवटी फॉर्म भरताना जेमतेम तेवीसचा असतो, "अजून वर्ष आहे" असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो बाहेर गेलेला असतो. उलट डिसेंबर २००६ ची मुलगी त्या वेळी एकोणीसचीच असते, म्हणून ती फॉर्मच भरत नाही. तिला भरता येतो.

डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) वैध आणि चालू कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर मर्यादा २६ पर्यंत जाते. स्टुडंट पायलट लायसन्स इथे चालत नाही. मुदत संपलेलं कमर्शियल लायसन्सही चालत नाही.

२५ वर्षांखालचा उमेदवार कोर्स सुरू होताना अविवाहित हवा. विधवा, विधुर आणि घटस्फोटित उमेदवारही २५ खाली असतील तर अपात्र. प्रशिक्षण चालू असताना लग्न करता येत नाही. घरात सोयरीक ठरवायची घाई असेल तर हा नियम घरच्यांना आधीच वाचून दाखवा.

शिक्षण: पदवी कुठलीही, पण बारावी कुठलीही नाही

पदवी किमान तीन वर्षांची आणि ६० टक्क्यांची, शाखा कुठलीही. बीए, बीकॉमवाल्यांना इथे आशा वाटते आणि इथेच ते फसतात. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही, आणि दोन्हींत वेगवेगळे किमान ५० टक्के लागतात. दोन्हींची सरासरी धरत नाहीत. भौतिकशास्त्रात ४८ आणि गणितात ८५ असले तरी अर्ज बाद. मेडिकलच्या नादात अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्यांचा आणि कॉमर्समध्ये फक्त गणित असलेल्यांचाही तोच प्रश्न. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांकडे बारावीची मार्कशीटच नसते. त्यांनी शुल्क भरण्याआधी आपली पात्रता भरती कक्षाला लेखी विचारावी आणि उत्तर जपून ठेवावं. शुल्क परत मिळत नाही.

शेवटच्या वर्षाला असलेल्यांना अर्ज करता येतो, पण एअर फोर्स सिलेक्शन बोर्डासमोर (लेखी परीक्षेनंतर मुलाखत घेणारं मंडळ) जाताना एकही बॅकलॉग चालू नसावा आणि तोवर लागलेल्या निकालांपर्यंतची टक्केवारी ६० असावी. पदवीचा पुरावा कधीपर्यंत द्यायचा, ती तारीख जाहिरातीत छापलेली असते. पुष्कळजण ती वाचतच नाहीत. आपल्याकडे निकाल उशिरा लागतात, पदवी प्रमाणपत्र त्याहून उशिरा मिळतं, आणि दिल्लीला याचं काही घेणंदेणं नाही. निकाल लागताच तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, दीक्षान्त समारंभाची वाट पाहू नका. सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतराचं सूत्र दाखवणारं पत्र विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून सही-शिक्क्यासह आधीच घ्या. बोलावणं आल्यावर ते मागायला गेलात तर सही करणारे साहेब रजेवर असण्याचीच शक्यता जास्त.

नाव: मराठी मार्कशीटची खास अडचण

आधार सक्तीचं आहे आणि त्यावरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळायला हवी. आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर कधी वडिलांचं नाव मधे, कधी गायब, कधी "राव" किंवा "जी" चिकटलेलं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा "ए" कमी-जास्त. हे सगळं अर्ज भरण्याआधी दुरुस्त करा, आणि दुरुस्ती आधारमध्ये करा, कारण आधार बदलणं काही दिवसांचं काम आहे. दहावीचं प्रमाणपत्र बदलायचं म्हणजे शाळा, बोर्ड आणि महिने. राजपत्रात नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत कायम सोबत ठेवा.

फॉर्ममधला सगळ्यात महागडा चौकोन

ब्रँचच्या पसंतीक्रमात मुलं जोशात फक्त "फ्लाइंग" निवडतात. पुढे वैमानिक चाचणीत किंवा डोळ्यांत अडकले की दुसऱ्या ब्रँचसाठी त्यांचा विचार होत नाही, कारण अर्जात ती मागितलेलीच नसते. पात्र असाल आणि मनापासून चालणार असतील त्या सगळ्या ब्रँच क्रमाने भरा. विशेषतः वेपन सिस्टिम्स ब्रँच. तिची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. दोन आसनी लढाऊ विमानांतले वेपन सिस्टिम ऑपरेटर आणि वैमानिकरहित विमानं चालवणारे त्यात येतात.

एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा नाही, थेट सिलेक्शन बोर्डाचं बोलावणं येतं. पण "सी" प्रमाणपत्र एअर विंगचं हवं. आर्मी विंगचं "सी" घेऊन या रांगेत उभं राहू नका, तुमच्यासाठी लेखी परीक्षाच.

लेखी परीक्षा दोन तासांची, १०० प्रश्न, ३०० गुण; बरोबरला तीन, चुकलं की एक वजा.

बोलावण्यानंतर

लेखी निकाल लागल्यावर सिलेक्शन बोर्डाचं ठिकाण आणि तारीख उमेदवारानेच पोर्टलवर निवडायची असते. पत्र घरी येईल म्हणून थांबलेल्यांच्या हातून सोयीच्या जागा जातात. देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी, जिथे मिळेल तिथे आदल्या दिवशी मुक्कामाला पोचा, सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. सोबत दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं, पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरची मूळ मार्कशीट (फक्त शेवटची नव्हे), स्वसाक्षांकित झेरॉक्सचे दोन संच, शेवटच्या वर्षाच्यांना प्राचार्यांचं बॅकलॉग नसल्याचं पत्र, सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत. प्राचार्यांचं पत्र जाहिरातीतल्या नमुन्यातच हवं. कॉलेजचं नेहमीचं बोनाफाइड त्याच्या जागी चालत नाही.

"सी" प्रमाणपत्रात ए किंवा बी श्रेणी असलेल्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाशिकच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी जरूर करावी. तिथलं मुलाखतपूर्व प्रशिक्षण मोफत आहे आणि खाजगी क्लासचे हजारो रुपये वाचतात.

सीपीएसएस: आयुष्यात एकदाच

बोर्डाने शिफारस केल्यावर फ्लाइंगच्या उमेदवारांची वैमानिक अभिक्षमता चाचणी संगणकीकृत यंत्रावर होते, तीच सीपीएसएस. जुनी मंडळी तिला पीएबीटी म्हणतात. उपकरणांच्या तबकड्या वाचणं आणि हात-पाय-डोळे यांचा मेळ, असं तिचं स्वरूप. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. एनडीए (बारावीनंतरचा प्रवेश), सीडीएस (पदवीधरांसाठीची यूपीएससीची परीक्षा), एनसीसी कुठूनही आधी नापास झाला असाल तर एएफकॅटमधून फ्लाइंगला पुन्हा येता येत नाही. प्रशिक्षणात उड्डाणातून काढलेल्या कॅडेटलाही तोच नियम. "अनुभव म्हणून देऊन पाहू" हा सल्ला लेखी परीक्षेला ठीक, इथे घातक. जाण्याआधी उंचीमापक, कृत्रिम क्षितिज, होकायंत्र, वेग आणि चढ-उतार दाखवणाऱ्या तबकड्या झटकन वाचता यायला हव्यात. आदल्या रात्री झोप पुरी करा आणि सूचना सांगतात तेव्हा न कळलेलं लगेच विचारा. सुरू झाल्यावर विचारता येत नाही.

शरीर: अर्जाआधी घरी मोजा

उंची किमान १६२.५ सेंमी. पायांची लांबी ९९ ते १२० सेंमी, मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४, बसून उंची ८१.५ ते ९६. भिंतीला पाठ टेकून, गुडघे सरळ ठेवून बसा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायांची लांबी. आकडे जाचक वाटतात, पण कारण कॉकपिटचं आहे. पाय आखूड तर रडर पेडल पुरत नाही, मांडी लांब तर आसन बाहेर फेकलं जाताना गुडघे पॅनेलवर आपटतात. यात सवलत मागून उपयोग नाही.

दूरचं दिसण्यासाठी चष्मा, म्हणजे मायनस नंबर, फ्लाइंगला अजिबात चालत नाही. लेझर शस्त्रक्रिया चालते, पण तिचं गणित नीट समजून घ्या. ती वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी झालेली नसावी, झाल्यावर किमान १२ महिने गेलेले असावेत, आधीचा नंबर सहापेक्षा जास्त नसावा, डोळ्याची लांबी २५.५ मिमीपेक्षा जास्त नसावी आणि शस्त्रक्रियेनंतर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची जाडी किमान ४५० मायक्रॉन उरलेली असावी. एकोणिसाव्या वर्षी घाईने लेझर करून आलेल्या मुलाला पुढे काहीही करून पात्र होता येत नाही. शस्त्रक्रियेआधीचे सगळे रिपोर्ट दवाखान्यातून मागून घ्या आणि फेकू नका.

विदर्भासाठी खास: सिकलसेल आजार आणि थॅलेसेमिया, अगदी मायनर किंवा ट्रेट (म्हणजे नुसता वाहक) असला तरी, अपात्र ठरवतात. आपल्या भागात दोन्ही आढळतात आणि थॅलेसेमिया ट्रेट असलेल्याला स्वतःला काही जाणवत नाही. दोन वर्षं क्लास लावण्याआधी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घ्या. रिपोर्ट वाईट आला तर हातात पर्याय शोधायला वेळ तरी राहील.

कायमचं टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला चालतं. आदिवासी रूढीनुसारच्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. गडचिरोली, मेळघाटच्या मुलामुलींनी त्या भीतीने अर्ज टाळू नये.

वैद्यकीय मंडळाने नाकारलं तर अपील करता येतं. मुदत हातात दिलेल्या कागदावर असते. घरी येऊन विचार करू म्हणता म्हणता ती निघून जाते, म्हणून निघण्याआधी तो कागद दोनदा वाचा.

नोकरीचं पुढचं चित्र

हैदराबादजवळ दुंडीगलच्या एअर फोर्स अकादमीत वर्षभराहून जास्त प्रशिक्षण. त्यात एक वर्ष दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन. फ्लाइंग ऑफिसर झाल्यावर तेवढ्याच मूळ वेतनावर १५,५०० लष्करी सेवा वेतन, महागाई भत्ता आणि फ्लाइंग भत्ता. जाहिरातींत फ्लाइंग भत्ता २५,००० धरलेला असतो. पदोन्नती ठरलेली: दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. ग्रुप कॅप्टन निवडीने.

पण एएफकॅटमधून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन: १४ वर्षं, मुदतवाढ नाही. अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाला २० वर्षांची सेवा लागते, म्हणजे पेन्शन नाही. पस्तीस ते चाळीसच्या आसपासच्या वयात, मुलं शाळेत आणि गृहकर्ज डोक्यावर असताना दुसरी नोकरी शोधायची असते. बहुतेकांची नजर विमान कंपन्यांवर असते. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्ससाठी १,५०० तास आणि डीजीसीएच्या परीक्षा लागतात. त्या परीक्षा शेवटच्या वर्षावर ढकलू नयेत, आणि लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची नोंदवही) पहिल्या दिवसापासून नीट ठेवावं.

पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, हवं असेल तर पदवीधर मुलांना सीडीएस आहे. पदवीधर मुलींना फ्लाइंगसाठी सीडीएसचा रस्ता नाही, एएफकॅट किंवा एनसीसीच. बारावीतल्या मुलींना मात्र २०२२ पासून एनडीए खुली आहे. तिथे वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, आणि वय तिथेही कोर्स सुरू होण्याच्या तारखेलाच मोजतात. घरात धाकटी बहीण अकरावीला असेल तर तिने गणित सोडण्याआधी हे तिला दाखवा.