दमलेली बॅटरी, संथ होडी

गेल्या ऑक्टोबरातला शनिवार. न्यू जर्सीतल्या मॅनास्क्वान जलाशयात मी आणि माझा मित्र मंदार बास जातीचे मासे पकडायला गेलो होतो. पिण्याच्या पाण्याचं तळं असल्यामुळे इथे पेट्रोल इंजिनाला मज्जाव आहे. वल्ही मारा, नाहीतर बॅटरीवरची मोटर लावा. आमची होडी चौदा फुटी, सपाट बुडाची, ॲल्युमिनियमची. मागच्या फळीला अडकवलेली ५५ पौंडांची ट्रोलिंग मोटर आणि पायाशी १०० अँपिअर-अवरची, दोन मोसम वापरलेली शिशाची बॅटरी. मंदारने निघतानाच हिशेब मांडला होता: मोटर जास्तीत जास्त ५० अँपिअर खाते, म्हणजे दोन तास काळजी नाही. वारा समोरून होता म्हणून त्याने मूठ पूर्ण पिळून ठेवली. पाऊण तासात पंख्याचा सूर खाली आला, मोटरच्या डोक्यावरच्या, बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या चार दिव्यांपैकी तीन विझले. धक्का अजून लांब होता.

"फसवलं रे आपल्याला," मंदार म्हणाला. "निम्मीसुद्धा चालली नाही!"

मी मोटर बंद केली, नांगर टाकला आणि थालीपीठांचा डबा उघडला. पंचवीस मिनिटांनी बटण दाबलं तर तीन दिवे लागले. मूठ जेमतेम पाव फिरवून, काठाच्या आडोशाने आम्ही धक्क्याला लागलो. "चार्जर तर घरी आहे," मंदार म्हणाला, "मग ही भरली कशी?" ती भरली नव्हती. काय झालं होतं ते मला अतिशय आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. कोकणात आपण ट्रॉलिंग म्हणतो ते वेगळं: मोठ्या नौकेमागे तळ खरवडणारं जाळं ओढणं. इथे ट्रोलिंग म्हणजे एखाददुसरा गळ पाण्यात सोडून होडी अगदी संथ, चालत्या माणसाच्या वेगाने पुढे नेणं, म्हणजे आमिष पोहणाऱ्या छोट्या माशासारखं दिसतं. त्यासाठी मोठं इंजिन फार जोराचं आणि फार आवाजाचं. १९३४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ डकोटामधल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर काढून तिला दांडा आणि पंखा जोडला, आणि मिन कोटा ही ट्रोलिंग मोटरींची कंपनी तिथून सुरू झाली. होडीवर विजेची मोटर मात्र त्याहून जुनी आहे. गुस्ताव त्रुवे यांनी १८८१ मध्येच पॅरिसला सीन नदीत, होडीला अडकवता आणि काढता येईल अशी मोटर चालवून दाखवली होती.

आता ते ५५ पौंड. हे मोटरचं वजन नव्हे आणि हॉर्सपॉवरही नव्हे. हा रेटा आहे. होडी खुंटाला बांधून मोटर पूर्ण जोरात चालवली तर दोरीला जो ताण बसेल तो, म्हणजे साधारण २५ किलोचं पोतं टांगल्याइतका. पंखा पाणी मागे फेकतो म्हणून होडी पुढे जाते, हे न्यूटनचं शाळेतलंच. आमच्यासारख्या होडीला त्यातून ताशी सुमारे ७ किलोमीटर वेग मिळतो. याहून जास्त हवा म्हणून दुसरी मोटर लावली तर वेग दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. कारण वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो, आणि तो चौपट अडथळा दर सेकंदाला दुप्पट अंतर रेटावा लागतो. चार गुणिले दोन, आठ. दुप्पट वेगाला आठपट वॅट.

हेच उलट वाचलं तर फायद्याचं आहे. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती एक-अष्टमांशावर येते. ५० अँपिअरच्या जागी सव्वासहा. मोटरची स्वतःची घट आणि वाऱ्याचा ढकला धरून आपण आठ अँपिअर म्हणू. हा पाण्याने दिलेला फायदा. बॅटरी त्यावर आणखी एक देते, आणि मंदारचा हिशेब तिथेच चुकला.

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. आत एक पट्टी शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होतं आणि आम्लाचं पाणी होत जातं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या बॅटरीत आम्ल हा नुसता रस्ता नाही, तो स्वतः खर्च होणारा माल आहे. म्हणूनच आम्लाची घनता मोजून बॅटरी किती भरली आहे ते कळतं: पाण्याची घनता १ धरली तर भरलेली असताना १.२७ च्या आसपास, रिकामी असेल तर १.१५ च्याही खाली.

आणि पट्टी म्हणजे पत्रा नव्हे. ती स्पंजासारखी असते, असंख्य बारीक भोकांची. बहुतेक काम त्या भोकांच्या आत, खोलवर चालतं. आम्लाचा साठा मात्र बाहेर, पट्ट्यांच्या मधल्या जागेत. आतलं आम्ल संपलं की बाहेरचं आत यायला हवं, आणि त्याला आत ढकलणारा पंप कुठलाही नाही. ते आपोआप, रेणू इकडेतिकडे भटकत भटकत शिरतं. याला विसरण म्हणतात. उदबत्तीचा वास बंद खोलीत पसरतो तसं, पण द्रवात ते कितीतरी मंद. एक मिलिमीटर आत शिरायला आम्लाला काही मिनिटं लागतात. आणि अंतर दुप्पट असेल तर वेळ चौपट.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. कोठीघरात भात-वरणाची पातेली भरलेली आहेत. मांडवात माणसं दाटीवाटीने बसली आहेत, आणि वाढप्यांना जायला एकच चिंचोळी वाट. सगळे सावकाश जेवत असतील तर वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोचतो. पण सगळ्यांनी एकदम भराभर जेवायला सुरुवात केली, तर तोंडाशी बसलेलेच वाढप्याला रिकामा करतात आणि आतल्या रांगा पान कोरडं धरून बसतात. भरीला जेवून उठलेली मंडळी वाटेतच गप्पा मारत उभी. बॅटरीत ही मंडळी म्हणजे लेड सल्फेट: ते वीज वाहत नाही, मूळ शिशापेक्षा जास्त जागा अडवतं आणि भोकांची तोंडं चोंदवतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जेवण संपलं. कोठीघर तर भरलेलंच असतं.

त्या शनिवारी नेमकं हेच झालं. ५० अँपिअरने पट्ट्यांच्या आतलं आम्ल बाहेरून येण्याच्या आत संपलं, व्होल्टेज कोसळलं, मोटर दमली. पाऊण तासात आम्ही फार तर ३८ अँपिअर-अवर काढले होते. उरलेला साठा आतच होता, फक्त त्या घाईने मिळणारा नव्हता. आम्ही थालीपीठ खात होतो तेवढ्यात आम्ल भोकांत शिरलं, व्होल्टेज वर आलं आणि दिवे लागले. नवी वीज एक थेंबही तयार झाली नाही. ते दिवेही फक्त व्होल्टेज बघतात, त्यामुळे मोटर चालू असताना ते उगीच घाबरवतात आणि विश्रांतीनंतर उगीच धीर देतात. बॅटरीची खरी स्थिती बघायची तर मोटर बंद करून तासभर थांबावं आणि साधा मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, १२.१ च्या आसपास असेल तर निम्मी.

विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हे गणितात बसवलं. त्याचा नियम असा: प्रवाहाचा क-घात गुणिले वेळ ही संख्या स्थिर राहते. आदर्श बॅटरीला क म्हणजे १. पातळ आम्लाच्या शिशाच्या बॅटरीला साधारण १.२ ते १.३. बॅटरीवर छापलेले १०० अँपिअर-अवर हे वीस तासांत, म्हणजे ५ अँपिअरने सावकाश काढले तरच मिळतात. क १.२५ धरून बघा. ५० अँपिअरला वेळ येतो २० गुणिले (०.१ चा १.२५ घात), म्हणजे १ तास ७ मिनिटं. मंदारचे दोन तास कुठे गेले ते कळलं असेल, आणि आमची बॅटरी तर नवीही नव्हती. ८ अँपिअरला तोच हिशेब ११ तास देतो. अंतरात बोलायचं तर पूर्ण वेगाने ७-८ किलोमीटर, निम्म्या वेगाने ३८. बॅटरी तीच, होडी तीच. शिवाय हे अगदी तळापर्यंत रिकामी करण्याचं गणित आहे. शिशाची बॅटरी टिकवायची असेल तर निम्म्यावर थांबावं.

घरी इन्व्हर्टर असलेल्यांनी हे वेगळ्या रूपात पाहिलं आहे. दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी दोन पंखे आणि दिवे रात्रभर ओढते, आणि त्याच बॅटरीवर कोणी मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओरडायला लागतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू करा, चालतो. कारण तेच, पंगत तीच. थंडीत हे आणखी जाणवतं. पाणी गोठण्याच्या तापमानाला विसरण मंदावतं आणि बॅटरीची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते; म्हणून इकडच्या एप्रिलच्या गार सकाळी जुलैचे आकडे धरून निघू नये.

याच विषयावर फोनवर फिरणारे व्हिडिओ मला मनापासून खटकतात. "मोटरच्या पंख्यामागे दुसरा पंखा आणि डायनॅमो लावा, चालता चालता बॅटरी भरेल, आयुष्यभर फुकट मासेमारी!" मराठी मथळ्यांसकट हे माझ्याकडे चारदा आले आहेत, पाठवणाऱ्यांत दोन इंजिनिअर. मागच्या पंख्याने शंभर वॅट काढले तर होडीला शंभरहून जास्त वॅटचा अडथळा वाढतो, आणि तो भरून काढायला पुढच्या मोटरला बॅटरीतून आणखी जास्त द्यावे लागतात. प्रत्येक फेरीत तोटाच. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम नववी-दहावीच्या पुस्तकात आहे. तो परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला की असे व्हिडिओ खरे वाटतात. बॅटरी खरंच चालता चालता थोडी भरायची असेल तर होडीवर शंभर वॅटचं सौर पॅनल लावा. दुपारच्या उन्हात ते ५-६ अँपिअर देतं, म्हणजे संथ चालीचा बराचसा खर्च.

संथ चालीचा एक जुना शत्रू मात्र आहे. पाच वेगांचा खटका असलेल्या मोटरींत कमी वेगाला मधे रोध घालतात, आणि वाचलेली वीज वाचत नाही, उष्णता होऊन पाण्यात जाते. नव्या मोटरींचं नियंत्रण वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. चालूचा काळ छोटा ठेवला की वेग कमी, आणि मधे जाळायला काही नाही. वापरलेली मोटर विकत घेणार असाल तर मूठ खटके खात फिरते की सलग फिरते ते आधी बघा.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीने पॉइकर्टचं दुखणं जवळजवळ संपवलं. अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा त्यावरचा शोधनिबंध १९९७ चा, पॉइकर्टनंतर बरोबर शंभर वर्षांनी. तिथे आम्ल खर्च होत नाही. लिथियमचे आयन एका बाजूतून निघतात आणि दुसऱ्या बाजूत बसतात, मधल्या द्रवाची घनता तीच राहते. १०० म्हणजे जवळपास १००, वजन शिशाच्या निम्म्याहून कमी. पण तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग आतलं सर्किट एकदम बंद करतं. दमण्याची सूचना मिळत नाही. म्हणून गेलेले अँपिअर मोजणारं मीटर लावावं, आणि शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करू नये.

तारांबद्दल थोडक्यात, कारण इथे हात भाजतात. बॅटरी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत ठेवली आणि मोटर मागे, तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते. घरातल्या प्लगपॉईंटची अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) तार तिथे वापरली तर ५० अँपिअरला २ व्होल्ट आणि १०० वॅट नुसते तारेत जळतात. ती हाताला चटका देते. दहा-बारा स्क्वेअरची जाड तार घ्या आणि बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा ब्रेकर बसवा. पंख्यात शेवाळ अडकून तो थांबला की प्रवाह एकदम चढतो, तेव्हा हा ब्रेकरच वाचवतो.

आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पंख्याचा नट सोडवून, आडवी पिन काढून मागे बघा. कुणाच्या तरी तुटलेल्या गळाची दोरी तिथे केसासारखी गुंडाळलेली सापडते. ती हळूहळू रबरी सील कापते आणि मोटरीत पाणी शिरतं. त्या शनिवारी आमच्या पंख्यामागे तीन-चार हात दोरी निघाली.

घरी पोचल्यावर मंदारने बॅटरी त्याच रात्री गॅरेजचं दार उघडं ठेवून चार्जिंगला लावली, कारण सल्फेटचे बारीक स्फटिक तसेच पडू दिले तर मोठे होतात आणि मग विरघळत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आम्लाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा फुगा दाबून एकेका कप्प्यातलं आम्ल वर ओढलं आणि मला फोटो पाठवले. पाच कप्प्यांत १.२७, शेवटच्यात १.२६.